निळ्या चंद्राने केलेली फजिती

आज मैत्रिणीला मेसेज केला, "आपण वन्स इन अ ब्लू मून भेटतो." माझ्या डोक्यात अर्थ होता, अगदी खास क्षणी. तिचं उत्तर आलं, "टोमणा पोचला!"

अर्थ साधाच निघाला: क्वचित, आपलं सठीसहामासी. खासपण वगैरे काही नाही, उलट बरेचदा तक्रारच.

मग तासभर वाचत बसले. एका इंग्रजी महिन्यात दोन पौर्णिमा आल्या की दुसरीला ब्लू मून म्हणतात. गंमत म्हणजे ही व्याख्या १९४६ साली एका अमेरिकन खगोल मासिकातल्या चुकीतून रूढ झाली. त्याआधीच्या हिशेबात एका ऋतूत (तिकडचा ऋतू तीन महिन्यांचा) चार पौर्णिमा आल्या, तर तिसरी ब्लू मून! बारा चांद्रमास ३५४ दिवसांत संपतात, वर्षाचे ११ दिवस उरतात. ते साठत जाऊन साधारण पावणेतीन वर्षांनी एक पौर्णिमा जास्तीची येते. म्हणजे आपल्या अधिक महिन्याचंच गणित की!

चंद्र निळा होत नाहीच. (१८८३ मध्ये क्राकाटोआ ज्वालामुखी फुटल्यावर मात्र राखेमुळे खरंच निळा दिसला होता.)

हे सगळं तिला पाठवलं. म्हणाली, "एवढा मोठा मेसेज तूही ब्लू मूनलाच करतेस."