पुराची तयारी आणि घराचा उतारा: माझा अनुभव

पुरासाठी घर तयार ठेवा म्हटलं की टॉर्च, दोरी, औषधं यांच्या याद्या सगळीकडून येतात. ती तयारी माझी एका दुपारात झाली. उन्हाळा खाल्ला तो घराच्या उताऱ्यावर, म्हणजे ग्रामपंचायतीतल्या घराच्या नोंदीच्या कागदावर, सासूबाईंचं नाव चढवण्याने. म्हणून बाकीचं थोडक्यात आणि उताऱ्याचं सविस्तर लिहिते. याद्यांमध्ये हे कुणी सांगत नाही, आणि माझा राग अजून निवलेला नाही.

आमचं गाव चाळीसगावच्या खालच्या अंगाला, तितूरच्या काठी. तापीकाठच्या लोकांना निदान हतनूरचा निरोप येतो. धरणाला ४१ दरवाजे, त्यातले किती उघडले हे कळलं की अंदाज बांधता येतो. तितूरचं तसं नाही. तिचं पाणी सातमाळ्याच्या डोंगरातून उतरतं. गावात थेंब नसतो आणि नदी दोन्ही काठांनी भरून आलेली असते. ३० ऑगस्ट २०२१ च्या रात्री डोंगरात असाच पाऊस कोसळला. कन्नड घाटात दरडी आल्या, आणि चाळीसगावात तितूर आणि डोंगरी या दोन्ही नद्या वस्तीत शिरल्या. आमच्याकडे सासूबाई सगळ्यांच्या आधी उठल्या. "पाणी वनं, उठा रे!" एवढंच ओरडल्या. त्यांच्या त्या एका हाकेने आम्ही माणसं वाचलो. मागची भिंत बसली, गोठा गेला, कोठीतली ज्वारी आंबली.

पंचनामा झाला. त्यात घरमालक म्हणून सासऱ्यांचं नाव लागलं, कारण उताऱ्यावर तेच होतं. सासरे तर पुराच्या कितीतरी आधी वारलेले. मदत कुणाच्या खात्यावर टाकायची, वारस कोण, यावर आमचा कागद अडकला. दोन्ही बाजूच्या शेजाऱ्यांना पैसे मिळाले, आम्हाला नाही. तेव्हाच मनात पक्कं केलं होतं की पुढच्या पुराच्या आधी हे नाव बदलायचंच. सरकारी निकषांत पूर्ण पडलेल्या घराला सपाट भागात १ लाख २० हजार रुपये आहेत. पण घराची अधिकृत नोंद असली पाहिजे, आणि ज्याच्या नावावर घर आहे तो माणूस हयात नसला की काम अडतं. भिंत पडल्यावर वारसांचे कागद गोळा करणं किती जड जातं ते आम्ही भोगलं आहे.

यंदा उन्हाळ्याच्या तोंडाशी मी ग्रामपंचायतीत अर्ज दिला. सोबत सासऱ्यांच्या मृत्यूचा दाखला, सगळ्या वारसांची नावं, घरपट्टी भरल्याची पावती. नणंदबाई सुरतेला असतात. त्यांची संमती लागत होती. त्यांनी एका शब्दाने अडवलं नाही, सही करून कागद पाठवून दिला. ज्यांच्या घरी लेकींचा हक्क आहे त्यांनी ही संमती सगळ्यात आधी, प्रेमाने मागून घ्यावी. ऐनवेळी फोन केला की मनं दुखावतात.

मग आला तो नावाचा घोळ. भाऊसाहेबांनी, म्हणजे आमच्या ग्रामसेवकांनी, रजिस्टर उघडलं आणि म्हणाले, "ताई, इथे मालक 'सुका' आहे. तुमच्या दाखल्यावर 'सुकदेव'. माणूस वेगळा."

"भाऊसाहेब, घर तेच, आडनाव तेच, बापाचं नाव तेच."

"ते तुम्ही म्हणता. कागद काय म्हणतो ते बघा."

हे रजिस्टर नवं होतं. पुरात ग्रामपंचायतीतही पाणी शिरलं होतं, कपाटाचे खालचे दोन कप्पे भिजले होते, आणि नंतर कुणीतरी जुन्या पानांवरून नवीन नक्कल उतरवली होती. मी जुनं रजिस्टर मागितलं. आज चावी नाही, उद्या माणूस नाही, परवा भाऊसाहेब दुसऱ्या गावाला, कारण त्यांच्याकडे दोन गावांचा चार्ज. त्यांच्यावर कामाचा भार आहे हे मला दिसतं. पण भार आहे म्हणून समोरच्या बाईला सरळ उत्तर न देता झुलवत ठेवायचं, हे मला तेव्हाही पटलं नाही आणि आजही पटत नाही. चाळिशी ओलांडलेली बाई उन्हातून चालत येते, बाहेरच्या बाकड्यावर बसते, आणि आतून चहाच्या कपांचा आवाज येत राहतो. खानदेशातलं मे महिन्याचं ऊन काय असतं ते इथल्या माणसाला सांगायला नको.

शेवटी शिपाईभाऊंनी माळ्यावरून ते बाड काढून दिलं. कापडी पुठ्ठा, त्यावर गाळाची पिवळट रेघ, पानं फुगून एकमेकांना चिकटलेली. आमच्या घराची ओळ सापडली. 'सुक' एवढं स्वच्छ दिसत होतं, पुढे निळ्या शाईचा डाग पसरलेला, आणि त्याच्यापुढे आडनाव पुन्हा नीट. नक्कल करणाऱ्याने डागाच्या जागी अंदाजाने काना दिला आणि 'सुका' करून टाकलं. पाणी आमच्या घरात शिरलं तसंच ते आमच्या कागदातही शिरलं होतं, आणि त्याची शिक्षा पुन्हा आम्हालाच. मी बोट ठेवून दाखवलं. भाऊसाहेब म्हणाले, "डागावरून नाव ठरत नाही, ताई. दुसरा पुरावा आणा."

पुरावा सासूबाईंनी काढला. लोखंडी पेटीत, कपाशीच्या बियाण्याच्या रिकाम्या पिशवीत, घडी घालून ठेवलेल्या घरपट्टीच्या जुन्या पावत्या. त्यातल्या एकीवर पूर्ण नाव, घर क्रमांक आणि ग्रामपंचायतीचा शिक्का. सासूबाईंना अक्षरओळख नाही. पण शिक्का असलेला कागद टाकायचा नाही हे त्यांनी आयुष्यभर पाळलं, आणि ती पिशवी प्लास्टिकची होती म्हणून पुरातही कागद कोरडे राहिले. त्या दिवशी मला त्यांचा जो अभिमान वाटला तो मी त्यांना बोलूनही दाखवला.

तरी काम संपलं नव्हतं. दोन्ही नावं एकाच माणसाची असल्याचं प्रतिज्ञापत्र हवं, तेही पाचशेच्या स्टॅम्पवर, असं मला सांगितलं गेलं. हे नीट लक्षात ठेवा: सरकारी कार्यालयात द्यायच्या प्रतिज्ञापत्राला महाराष्ट्रात २००४ पासून मुद्रांक शुल्क माफ आहे. साध्या कागदावर चालतं. ऑक्टोबर २०२४ मध्ये शंभरचे स्टॅम्प जाऊन पाचशेचे आले तेव्हापासून तर हे माहीत असणं आणखी गरजेचं झालं आहे. मी तसं शांतपणे सांगितलं. "सगळे आणतात" असं उत्तर मिळालं. मग मी साध्या कागदावरचं प्रतिज्ञापत्र तहसीलला करून आणलं, अर्जाला जोडलं, आणि पोच मागितली. पोच म्हणजे आपल्या प्रतीवर तारीख, सही आणि शिक्का. तोंडी "ठेवून जा" म्हटलं तर ठेवून जाऊ नका. माझा सुरुवातीचा अर्ज पोच न देता घेतला गेला होता, आणि नंतर तो सापडतच नव्हता.

त्यानंतर मासिक सभेचा ठराव. वारसाची नोंद सभेत मंजूर व्हावी लागते. एका सभेला गणपूर्ती झाली नाही, पुढची लग्नसराईत पुढे ढकलली. माझ्या डोळ्यासमोर जून दिसत होता. मी पंचायत समितीत जाऊन गटविकास अधिकाऱ्यांच्या नावे पत्र दिलं, सोबत सगळ्या पोचांच्या झेरॉक्स. भांडले नाही, आवाजही चढवला नाही. एवढंच लिहिलं की घर नदीकाठी आहे, पावसाळा तोंडावर आहे, आणि मागच्या पुरात याच कारणाने आमची मदत अडली होती. पुढच्या सभेत आमचा विषय पहिला निघाला. नोंद झाल्यावर उताऱ्यासाठी मात्र वाट पाहावी लागली नाही. लोकसेवा हक्काचा कायदा २०१५ चा आहे. कोणती सेवा किती दिवसांत द्यायची याचा फलक कार्यालयात लावावाच लागतो. त्या फलकाकडे नुसतं बोट दाखवलं तरी फरक पडतो.

नमुना ८ वर, म्हणजे घराच्या उताऱ्यावर, सासूबाईंचं नाव छापलेलं बघितलं आणि मी तिथेच बाकड्यावर बसून पाणी प्यायले. तहान लागली आहे हे तोवर कळलंच नव्हतं.

आता कागदांबद्दल. मूळ उतारा, आधार, पासबुक, रेशनकार्ड हे सगळं जाड प्लास्टिकच्या पिशवीत, आणि ती पिशवी घट्ट झाकणाच्या बरणीत. बरणी घरातल्या सगळ्यात उंच फळीवर. एक झेरॉक्स संच माझ्या भावाकडे, धुळ्याला दुसऱ्या मजल्यावर. नणंदबाईंकडे ठेवणार होतो, पण तितूर गिरणेला मिळते, गिरणा तापीला, आणि तापी सुरतेला. २००६ चा सुरतेचा पूर त्यांनी पाहिला आहे. त्याच म्हणाल्या, कागद इकडे नको. घराचे चारही बाजूंनी फोटो आत्ताच काढून ठेवा, पंचनाम्याच्या वेळी आधीचं घर दाखवता येतं.

खाण्याचं म्हणाल तर फुटाणे, शेंगदाणे, गूळ आणि बिबडे, म्हणजे ज्वारीचे पापड, एका डब्यात. बिबडे कच्चेसुद्धा शेंगदाण्यांबरोबर खाता येतात, चूल लागत नाही. पावसाचा इशारा आला की मी दुधात भिजवून दशम्या करून ठेवते, त्या दोन दिवस नीट राहतात. पुरानंतर विहिरीचं आणि बोअरचं पाणी तसंच पिऊ नका. उकळा, किंवा आशाताईंकडून मेडिक्लोर, म्हणजे पाणी शुद्ध करायचं क्लोरीनचं औषध, घ्या. सासूबाईंच्या बीपीच्या गोळ्यांची एक जास्तीची पट्टी डब्यात असते, महिन्याच्या महिन्याला बदलते.

नंबर भिंतीवर खडूने लिहू नका, ओलीने पुसतात. ऑइलपेंटने दारामागे लिहा: १०८ रुग्णवाहिका, ११२ पोलीस आणि इतर तातडी, १०७७ जिल्ह्याचा आपत्ती कक्ष. राज्य आपत्ती प्रतिसाद दलाची तुकडी धुळ्यात आहे, पण रस्त्यावर पाणी असलं की त्यांनाही वेळ लागतो. पहिले काही तास आपल्यालाच काढायचे असतात. वीज पडण्याच्या इशाऱ्यासाठी फोनमध्ये दामिनी ॲप घ्या. शेतात काम करणाऱ्यांनी तर घ्याच.

पत्र्यांवर दगड ठेवण्याची आपल्याकडे पद्धत आहे. मे-जूनमध्ये वावधन, म्हणजे वादळी वारा, सुटलं की पत्र्यासकट तेच दगड आत झोपलेल्यांच्या अंगावर येतात. हुक बसवून घ्या. आम्ही सगळे दगड उतरवले.

जनावरांच्या कानात बिल्ला आहे ना ते बघा. बिल्ला नसेल तर आता मदत मिळत नाही. निकषांत दुभत्या जनावराला ३७ हजार ५०० रुपये आहेत. पण पैशापेक्षा जीव मोठा. २०२१ ला आमच्या तालुक्यात शेकडो जनावरं गेली, त्यात किती तरी दावणीलाच बांधलेली होती. म्हणून इशारा असलेल्या रात्री दाव्याला एका हिसक्यात सुटेल अशीच गाठ मारा, आणि ती गाठ घरातल्या लेकरांनाही सोडता आली पाहिजे. आमच्या दोघांना मी शिकवली आहे.