दाखल्यासाठी बाल हक्क आयोगाकडे गेले तेव्हा

मागच्या जूनमध्ये शाळेच्या खिडकीपाशी उभी होते आणि मुलीचा दाखला मला समोर दिसत होता. लिहून झालेला, सही-शिक्क्यासकट, क्लार्कच्या टेबलावरच्या काचेखाली. "बाकी फी भरा आणि घेऊन जा," एवढंच उत्तर. नवऱ्याची नोकरी गेल्यावर दोन हप्ते थकले होते, म्हणून तर तिला जिल्हा परिषदेच्या शाळेत घालायचं ठरवलं होतं. त्याआधी फी थकली म्हणून तिला वर्गात उभं करायचे. आणखी दोन मुलांनाही. घरी आली की दप्तर न उघडता पडून राहायची.

कुणीतरी म्हणालं, राज्याच्या बाल हक्क संरक्षण आयोगाकडे जा. रात्री बसून अकरा पानं लिहिली. फी माफ करा, दाखला द्या, मुख्याध्यापकांना काढा, सगळं एकाच अर्जात. आयोग म्हणजे मुलांचं कोर्ट, असंच माझ्या डोक्यात होतं.

तसं ते नाही. आयोगाचा कायदा २००५ चा. चौकशीत साक्षीदारांना बोलावणं, कागदपत्रं मागवणं यासाठी आयोगाला दिवाणी न्यायालयासारखे अधिकार आहेत. पण हक्काचा भंग झाल्याचं दिसलं तरी पुढे आयोग सरकारला कारवाईची शिफारस करतो, नाहीतर उच्च न्यायालयात दाद मागू शकतो. शिक्षा तो स्वतः देत नाही. हे तिथल्या एका बाईंनी मला फोनवर शांतपणे समजावलं. फोन ठेवला आणि मी रडले.

त्यांनीच माझी अकरा पानं सुटी करून दिली. फी किती, हा वाद फी नियमन कायद्याचा, त्याच्या समित्या वेगळ्या. दाखल्यासाठी शिक्षण हक्क कायद्याचं कलम ३२ : आधी स्थानिक प्राधिकरणाकडे लेखी तक्रार, त्यांनी तीन महिन्यांत निर्णय द्यायचा, तो पटला नाही तर आयोगाकडे अपील. वर्गात उभं करणं मात्र मानसिक छळ, कलम १७, त्याची चौकशी आयोग करेल.

मग एकेका पानाचे दोन अर्ज केले. एक आयोगाला, दुसरा गटशिक्षणाधिकाऱ्यांना, झेरॉक्सवर पोच घेऊन. पण सगळ्यात उपयोगी पडलं ते शिक्षण हक्क कायद्याच्याच कलम ५ मधलं एक वाक्य : दाखला द्यायला उशीर झाला, हे प्रवेश नाकारण्याचं किंवा लांबवण्याचं कारण होऊ शकत नाही. ते घेऊन जिल्हा परिषदेच्या शाळेत गेले. मुख्याध्यापिकाबाईंनी चष्मा लावून दोनदा वाचलं आणि त्याच दिवशी हजेरीपटावर मुलीचं नाव चढलं. हे पहिल्या दिवशी कळलं असतं तर ती तीन आठवडे घरी बसली नसती. त्याची चुटपुट अजून जात नाही. दाखला अडलाय अशा प्रत्येक पालकाला मी आधी हेच सांगते : सरकारी शाळेत घालायचं असेल तर मूल शाळेत बसवा, भांडण मागून चालू ठेवा.

दाखला दीड महिन्याने मिळाला, गटशिक्षणाधिकाऱ्यांचं पत्र शाळेला गेल्यावर. आयोगाने दोन्ही बाजूंना बोलावलं. मुलीशी आयोगातल्या बाई वेगळ्या खोलीत बोलल्या, मला बाहेर बसवून. हे मला फार मोलाचं वाटलं; तोवर तिला कुणी काही विचारलंच नव्हतं. शिक्षण विभागाला शिफारस गेली, तिची प्रत मला आली. खाली लिहिलं होतं, 'आवश्यक कार्यवाहीसाठी'.

ती कार्यवाही काय झाली, ते अजून कळलेलं नाही. शिफारशीचं पुढे काय झालं हे पालकाला ठरावीक मुदतीत लेखी कळायलाच हवं, असं माझं ठाम मत आहे. मुलगी विचारते, "त्या दोघांना अजून उभं करतात का गं?" कार्यालयात दोनदा जाऊन आले. सोमवारी पुन्हा जाणार आहे, या खेपेला पत्राचा जावक क्रमांक घेऊन.