९७, ९६, पुन्हा ९७

स्मार्ट घड्याळात वेळ बघून झाली तरी हल्ली हात खाली जात नाही. बोट पडद्यावरून आणखी एकदा फिरतं, मागचा तांबडा दिवा लागतो, आणि हात टेबलावर सपाट ठेवून माणूस पंधराएक सेकंद गप्प बसतो. निकाल येतो: रक्तातला ऑक्सिजन ९७ टक्के. काल ९७ होता, परवाही. मध्ये एकदा ९६ आला तेवढीच काय ती बातमी.

जो आकडा बदलतच नाही, तोच आपण इतक्या उत्सुकतेनं बघतो. नाडी जिना चढलं की वाढते, चिडलं की वाढते. पावलं रोज वेगळी, झोप वेगळी. रक्तातला ऑक्सिजन मात्र ढिम्म. निरोगी माणूस धापा टाकत आला तरी आकडा सहसा ९५च्या खाली उतरत नाही. उतरू नये म्हणूनच तर शरीर बाकी सगळं पळवतं: श्वास, हृदय, सगळं.

माझ्या मावशीला ९९ येतो. त्यामुळे ती माझ्याकडे जरा कणवेनं बघते आणि ‘अरे, नीट श्वास घेत जा’ म्हणते. टक्के दिसले की आपल्याला गुणपत्रिकाच आठवते, त्याला ती तरी काय करणार? पण रक्तात ऑक्सिजन वाहून नेणाऱ्या हिमोग्लोबिनवरच्या ऑक्सिजनच्या जागा किती भरल्यात, एवढंच हे टक्के सांगतात. फुप्फुसांतून निघालेल्या रक्तात ऑक्सिजनचा दाब पाऱ्याच्या साधारण १०० मिलिमीटरइतका असतो. तो ६०वर आला तरी टक्केवारी ९०च्या आसपास तग धरते, आणि खरी घसरगुंडी त्याच्याखाली सुरू होते. म्हणजे वरच्या टोकाला एका टक्क्याचा फरक जवळजवळ निरर्थक. शिवाय हिमोग्लोबिनच निम्मं उरलेला माणूसही ९८ दाखवू शकतो. जागा भरलेल्या असतात, पण मुळात जागाच कमी. हे मी मावशीला सांगितलं. ती म्हणाली, ‘तरी पण ९९ ते ९९.’

हे मोजमाप सापडलं त्याची हकिकत मला फार आवडते. जपानमधल्या निहोन कोहदेन कंपनीत ताकुओ आओयागी हे अभियंते हृदय किती रक्त ढकलतं ते मोजण्याच्या खटपटीत होते. रक्तात रंग सोडायचा आणि कानाच्या पाळीतून प्रकाश टाकून तो रंग कसा विरतो ते बघायचं. पण नाडीच्या प्रत्येक ठोक्यानं आलेख थरथरायचा. ती थरथर वजा करायला त्यांनी दुसऱ्या लांबीच्या प्रकाशलहरी घेतल्या. वजाबाकी जमली, पण रक्तातला ऑक्सिजन बदलला की बिघडायची. त्या बिघाडातच त्यांना हवं त्याहून मोठं काहीतरी दिसलं: रक्तातला ऑक्सिजन मोजायची युक्ती. १९७४ साली त्यांनी ते मांडलं. २०२०च्या एप्रिलमध्ये ते वारले, तेव्हा निम्मं जग ऑक्सिमीटरच्या त्या चिमट्यात बोट घालून बसलं होतं.

चिमटा बोटाच्या आरपार बघतो. तांबडा आणि डोळ्यांना न दिसणारा अवरक्त (इन्फ्रारेड) असे दोन प्रकाश एका बाजूनं शिरतात, दुसऱ्या बाजूला उरलेला प्रकाश मोजला जातो. मनगटाच्या आरपार बघायची सोय नाही, म्हणून घड्याळ कातडीवरून परतून आलेल्या प्रकाशावर भागवतं. हा परतलेला थेंबभर प्रकाश बिघडवायला काहीही पुरतं: सैल पट्टा, गार हात, गोंदण, झोपेत अंगाखाली दबलेलं मनगट. रात्री तीनला ८८ दिसला तर रक्त बदललं असण्यापेक्षा घड्याळ सरकलं असण्याचीच शक्यता बरेचदा जास्त. उलट फसगतही होते, आणि ती अधिक वाईट. कार्बन मोनॉक्साइडनं गुदमरलेल्या माणसाचं रक्त या प्रकाशाला छान ऑक्सिजनयुक्तच वाटतं. गडद कातडीवर दवाखान्यातली यंत्रंसुद्धा कधी कधी खऱ्याहून जास्त आकडा दाखवतात. २०२०च्या डिसेंबरमध्ये अमेरिकेतल्या एका अभ्यासात, रक्त प्रत्यक्ष तपासल्यावर ऑक्सिजन कमी निघाला पण यंत्रानं तो पकडलाच नव्हता, असं कृष्णवर्णीय रुग्णांत गोऱ्यांच्या जवळजवळ तिप्पट वेळा आढळलं. त्यामुळे धाप लागत असेल, ओठ निळसर दिसत असतील, तर मनगटावर ९७ असो की १०७, डॉक्टरांकडे जावं. आणि रोज रात्री आकडा घसरत असेल, तर तेही त्यांना सांगावं. झोपेत श्वास अडकत असेल.

श्वास रोखून आकडा पाडायचा खेळ बहुतेकांनी केलेला असतो. त्यातही हा पठ्ठ्या उशिरा उतरतो. आपण हार मानून श्वास घेतल्यावर सावकाश, जणू आत्ता कुठे निरोप पोचला.

२०२४च्या जानेवारीत ऑक्सिमीटर बनवणाऱ्या मॅसिमो या कंपनीशी पेटंटचं भांडण झाल्यामुळे अमेरिकेत नव्यानं विकल्या जाणाऱ्या ॲपलच्या घड्याळांतून ही सोय काढावी लागली. दिवे जागेवर, फक्त आकडा गायब. २०२५च्या ऑगस्टमध्ये तो परतला, आता गणित फोनवर होतं. मधली दीड वर्षं त्या घड्याळवाल्यांचा ऑक्सिजन किती होता, याची कुठेच नोंद नाही. बहुतेकांचा, आदल्या दिवशी होता तेवढाच असणार.