वजनकाटा, टेप आणि सुरतवाली

ब्लाउज टाकायला येणाऱ्या बायका हल्ली माप द्यायच्या आधी मलाच विचारतात, ताई तुम्ही काय घेता, पावडर का काढा? आणि मी म्हटलं की काही नाही हो, मोबाईलमध्ये चार बायका आहेत त्यांच्यामुळे वजन उतरलं, तर त्यांना वाटतं मी लपवतेय. म्हणून एकदाचं लिहूनच टाकते, म्हणजे पुढच्या वेळी लिंक पाठवून मोकळी.

आधी माझ्या आजारांचा सातबारा. वय 46, राहणार अमळनेर, जिल्हा जळगाव, धंदा शिवणकाम. थायरॉईड धाकट्याच्या बाळंतपणानंतर निघालं, शुगर त्यानंतर काही वर्षांनी, आणि उजव्या गुडघ्याची झीज अगदी अलीकडची. उंची 5 फूट 1 इंच आणि सुरुवातीला वजन 84 किलो. एचबीएवनसी 8.4 आला होता, हा आकडा साधारण मागच्या तीन महिन्यांच्या शुगरची सरासरी दाखवतो त्यामुळे तपासणीच्या आदल्या दिवशी उपाशी राहून काही उपयोग नसतो, आणि 6.5 किंवा त्याच्या वर गेला की मधुमेह धरतात.

वजनाचं खापर मी बरीच वर्षं थायरॉईडवर फोडत होते, आमच्याकडे सगळ्याच बायका फोडतात. डॉक्टरांनी एकदा सरळ सांगितलं, थायरॉईड कमी असल्याने वजन वाढतं ते थोडे किलो, त्यातही बरंचसं पाणी आणि मीठ, आणि गोळी चालू आहे, टीएसएच (थायरॉईडच्या रक्ततपासणीतला आकडा) नॉर्मल आहे, मग बाकीचे 20 किलो थायरॉईडचे नाहीत. राग आला होता. पण खरं सांगायचं तर माझा स्वतःचा संशय मशीनच्या मोटरवर आहे. पायमशीन होतं तोवर दिवसभर पाय तरी हलायचे, मोटर बसवली आणि पायाचा नुसता अंगठा काम करायला लागला. दिवसाला आठ-दहा ब्लाउज निघतात पण माणूस एका जागी.

आता त्या चार जणी. कोणीतरी एका बाईने पैसे भरून 21 दिवसांचं चॅलेंज काढलं होतं, त्यात मी भाचीच्या आग्रहाने शिरले. चॅलेंज संपलं, ती बाई पुढच्या बॅचकडे वळली, ग्रुप मात्र कोणी बंद केला नाही आणि बोलणाऱ्या आम्ही पाच जणी उरलो. एक सुरतची, म्हणजे मूळची भुसावळकडची, सुरतेत आपली खान्देशी माणसं किती आहेत ते वेगळं सांगायला नको, ती साडीच्या मार्केटमध्ये पॅकिंगला जाते. एक मस्कतला आहे, नवरा तिकडे कामाला. एक नाशिकची आणि एक पुण्याच्या मॅडम, त्यांना सगळ्या मॅडमच म्हणतात कारण त्या मेसेजमध्ये पूर्णविराम देतात.

मला सगळ्यात मोठा आधार काय वाटला असेल तर ह्यातल्या एकीनेही मला कधी पाहिलेलं नव्हतं. आमच्या गल्लीत मी डाएट करते म्हटलं असतं तर संध्याकाळपर्यंत सगळ्यांना कळलं असतं, आणि पुढच्या लग्नात ताटात जिलेबी घेतली की दहा डोळे माझ्या ताटावर. इथे 84 हा आकडा टाकला तर खाली एवढंच आलं, बरं, आणि गोळ्या कोणत्या चालू आहेत?

हा प्रश्न सुरतवालीचा. तेव्हा ग्रुपवर दोन वेळाच जेवायचं, मधे काही नाही, असं जोरात चाललं होतं, डॉक्टर दीक्षितांचं 55 मिनिटांत जेवण आटपायचं ते आपल्याकडे घरोघरी माहीत आहेच. मीही संध्याकाळचं खाणं बंद करणार होते. सुरतवाली म्हणाली आधी पाकिटाचा फोटो टाक. टाकला. त्यात शुगरच्या दोन गोळ्या, मेटफॉर्मिनबरोबर ग्लिमेपिराईड होतं. ती काही डॉक्टर नाही, नर्सही नाही, पण तिच्या भावाने ह्याच गोळीवर नवरात्रात नऊ दिवस उपास धरला होता आणि त्याला दरदरून घाम फुटून हातपाय थरथरायला लागले होते, शुगर पार खाली गेली होती. तिने मला मोठ्ठा व्हॉइस मेसेज पाठवला, त्यातलं अर्धं अहिराणीत, आणि शेवटी म्हणे डॉक्टरला विचारल्याशिवाय एक घास कमी करायचा नाही.

गेले. डॉक्टर म्हणाले बरं झालं आधी आलीस. ही गोळी स्वादुपिंडाला इन्सुलिन सोडायला लावते, तू जेवलीस का नाही हे तिला कळत नाही, त्यामुळे जेवण कमी केलं की गोळीही कमी करावी लागते. एकट्या मेटफॉर्मिनने शुगर सहसा अशी खाली जात नाही. शिवाय ग्लिमेपिराईडने थोडं वजनही वाढू शकतं हे तेव्हाच कळलं. डोस अर्धा केला, पुढे काही महिन्यांनी बंदच झाला, पण तो त्यांनी केला, मी नाही, हे कृपया नीट वाचा. आणि सांगितलं की शुगर 70 च्या खाली दिसली किंवा घाम-थरथर वाटली तर तीन चमचे साखर पाण्यातून घ्यायची, पंधरा मिनिटांनी परत बोट टोचून बघायचं.

मला विचाराल तर प्रोत्साहन ते हेच. "वाव ताई", "कीप इट अप", फुलांचे गुच्छ, असले मेसेज सगळ्या ग्रुपवर पडतात, बरे वाटतात, दोन मिनिटं टिकतात. माझं वजन उतरायला सुरुवात झाली ती एका बाईने मला थांबवलं तिथून. तसंच नाशिकवालीचं, ती थायरॉईडची आणि कॅल्शियमची गोळी एकदमच गिळायची, वर लगेच चहा, आणि टीएसएच का उतरत नाही म्हणून डोस वाढत चाललेला. पुण्याच्या मॅडमनी तिला डॉक्टरांना हेच विचारायला लावलं, तर उत्तर आलं थायरॉईडची गोळी उपाशीपोटी नुसत्या पाण्याबरोबर, मग अर्धा ते एक तास काही नाही, आणि कॅल्शियम-लोह चार तासांच्या अंतराने. पुढच्या तपासणीत तिचा आकडा खाली आला.

खाण्याचं म्हणाल तर माझी खरी गडबड तेलात निघाली. मस्कतवालीने एक दिवस विचारलं तुमच्याकडे महिन्याला तेल किती लागतं. म्हटलं 5 लिटरचा डबा. माणसं किती, तर चार. तिने तिथल्या तिथे हिशोब मांडला, माणशी रोज साधारण 40 मिली, म्हणजे साडेतीनशेच्या आसपास कॅलरी नुसत्या तेलाच्या, भाकरी-भाजी अजून धरलेलीच नाही. आता शेवभाजीवर बोटभर तर्री नसेल तर आमच्याकडे ती भाजी आजाऱ्याची समजतात. भरीत बघा, वांगं बिचारं तुराट्यांवर भाजलेलं, त्यात काय आहे, पाणी आणि चोथा, बामणोदचं हिरवं पांढरट वांगं असेल तर चवीला दुसरं काही लागतच नाही, पण वरून मिरची-लसणाची फोडणी पडते ती वाटीने आणि सोबत कळण्याच्या पुऱ्या. मी एवढंच केलं की पुऱ्यांच्या जागी कळण्याची भाकरी, आणि फोडणी पळीने मोजून. कळणा तर आपला फार चांगला आहे, ज्वारीत उडीद दळलेले, म्हणजे नुसत्या ज्वारीपेक्षा प्रोटीन जास्त, आणि पोट बराच वेळ भरलेलं राहतं. पुण्याच्या मॅडम ओट्स सुचवत होत्या, त्यांना मी कळण्याच्या भाकरीचा फोटो टाकला, खुडा मिरचीसकट, आता त्या माझ्याकडून पीठ मागवतात. डबा आता पावणेदोन महिने जातो.

केळी मात्र अवघड. ह्या जिल्ह्यात राहून केळी बंद म्हणजे काय, नातेवाईकांकडून घडच्या घड येतात. मी लहान एक खाते, जेवणाला जोडून आणि त्या वेळी भाकरी अर्धी, पण हे माझं मीटर बघून ठरवलंय, तुमचं तुम्ही बघा.

घरच्यांबद्दल वाईट लिहायचं नाही पण लिहिते. सासूबाई प्रेमाने वाढतात आणि नको म्हटलं की त्यांना ते भांडण वाटतं. वजन उतरायला लागलं तर त्यांनी शेजारच्या आजीबाईंना बोलावून आणलं बघायला, आणि दोघी मिळून, "काय व्हयनं व तुले, इतली काबरं वाळी गयी?" म्हणजे आतून काहीतरी दुखणं लागलंय अशी खात्री. तेव्हा मी 79 किलो होते! आमच्या ह्यांना, म्हणजे नवऱ्याला, तर काही फरकच दिसत नव्हता. त्या रात्री मी ग्रुपवर रडगाणं गायलं. मस्कतचं घड्याळ आपल्या दीड तास मागे, त्यामुळे ती जागी असते, म्हणाली उद्यापासून आईंना तुझी शुगर लिहायला लाव. मला हसूच आलं. पण दिला वहीपेन. सासूबाई चौथीपर्यंत शिकलेल्या, आकडा लिहायला फार आवडलं त्यांना, आणि 190 चा 140 झाला तेव्हा गल्लीत सांगून आल्या. आता ताटात जास्तीची पोळी पडत नाही, उलट मी मागितली तर वही दाखवतात, हा एक नवीनच त्रास.

मग 77 वर काटा अडकला. कितीतरी रविवार तेच. सुरुवातीला वजन भराभर उतरतं त्यात पाणीही असतं, आणि शरीर लहान झालं की त्याला लागतंही कमी, त्यामुळे हे असं थांबणं ठरलेलंच असतं, हे सगळं मला आता माहीत आहे, तेव्हा नुसता संताप. जेवणच बंद करावंसं वाटत होतं. सुरतवाली म्हणाली, तू टेलर ना, मग काट्यावर कशाला चढते? टेप लाव. आयुष्यभर दुसऱ्यांच्या कमरा मोजल्या आणि गळ्यात टेप असून स्वतःची मोजली नव्हती, मोजायचीच नव्हती म्हणा. 37 भरली, आणि भाचीने चॅलेंजच्या वेळी वहीत लिहून ठेवलेली निघाली 40. आपल्याकडच्या बायकांसाठी कमर 80 सेंटिमीटर, म्हणजे साडेएकतीस इंचांच्या आत असावी असं डॉक्टर सांगतात, पुरुषांची 90. तिथवर मी बहुतेक जाणार नाही. पण काटा हलत नसताना टेप हलत होता एवढं पुरे झालं.

गुडघ्याचं थोडक्यात. एक किलो वजन उतरलं की पावलागणिक गुडघ्यावरचा भार साधारण चार किलोने कमी होतो असं अभ्यासात दिसलंय, हे फिजिओथेरपिस्टने सांगितलं तेव्हा जिना चढताना मी मनात गुणाकार करत बसायचे. व्यायाम अगदी साधा, खुर्चीवर बसून पाय सरळ करायचा, धरायचा, सोडायचा. एक गिऱ्हाईक गेलं की दहा वेळा. चालणं म्हणाल तर आपल्याकडे मे महिन्यात 44-45 डिग्रीत कोण चालणार, सकाळी साडेपाचला बोरी नदीच्या बाजूला नाहीतर रात्री गच्चीवर. जेवणानंतर दहा-पंधरा मिनिटं नुसतं गच्चीवर फिरलं तरी शुगर कमी चढते, मीटरवर दिसतं.

ग्रुपवर भांडणंही झाली, उगाच सगळं गोड दाखवत नाही. पुण्याच्या मॅडमनी डॉक्टरांच्या सल्ल्याने ते भूक कमी करणारं, आठवड्यातून एकदा घ्यायचं वजनाचं इंजेक्शन सुरू केलं, 2025 मध्ये आपल्याकडे आलं ते. नाशिकवाली म्हणाली हे काही खरं उतरवणं नाही. मग दोन दिवस सगळ्या गप्प. मला नाशिकवालीचं पटलं नाही. थायरॉईडची गोळी आपण घेतो तेव्हा ते खरं आणि भुकेचं औषध घेतलं की खोटं, हे कुठलं गणित? फक्त तेव्हा महाग फार होतं, आणि मॅडमना सुरुवातीला मळमळ किती झाली ते त्यांनी लपवलं नाही हे मला आवडलं.

अखाजीला, म्हणजे अक्षय्य तृतीयेला, सुरतवाली माहेरी भुसावळला निघाली होती. सुरत-भुसावळ लाईनवर आमचं अमळनेर मधेच. तिचा ब्लाउज मी तिने संक्रांतीत पाठवलेल्या मापावर शिवून ठेवला होता, तो घेऊन स्टेशनवर गेले. गाडी थांबते किती, दोन-तीन मिनिटं. ती दारात उभी, मी डबे शोधत पळत होते (गुडघा अजिबात बोलला नाही), ब्लाउजची पिशवी दिली, तिने सुरतची घारी हातात कोंबली आणि वर म्हणते, सासूबाईंसाठी आहे, तुला नाही. दुसऱ्या दिवशी भुसावळहून फोन, ब्लाउज सैल होतो, काखेत झोळ येतोय. इतक्या वर्षांच्या धंद्यात गिऱ्हाईकाच्या तक्रारीवर एवढी खूश मी पहिल्यांदाच झाले. त्या दिवशी आमरसाची एक वाटी आणि अर्धा मांडा खाल्ला, खापरावरचा, सोडणं शक्यच नव्हतं.

आता 73 आहे, एचबीएवनसी 6.8. डॉक्टर म्हणतात चालेल, अजून बघू.

श्रावणात घरी कानबाई, आमची खान्देशातली देवी, बसणार आहे, म्हणजे पुरणपोळ्या, खीर, कटाची आमटी, आणि नाही म्हणायची सोयच नाही. ग्रुपवर आतापासून चर्चा सुरू आहे. मस्कतवाली म्हणते पोळी एकच आणि भात अजिबात नको. मॅडम म्हणतात आधी गंगाफळाची (लाल भोपळ्याची) भाजी भरपूर खा मग पोळीला हात लाव. सुरतवाली म्हणते देवीचं आहे, गप खा, आणि दोन तासांनी बोट टोचून आकडा टाक. मी बहुतेक सुरतवालीचंच ऐकणार.