एक्सपीवरची डिझाइन्स विंडोज ११ वर आणताना: माझा अनुभव

जुन्या विंडोज एक्सपीच्या पीसीवरचं फोल्डर विंडोज ११ वर उघडायचं असेल, तर 'एसएमबी १ (नेटवर्कवरून फायली शेअर करायची जुनी पद्धत) चालू करा आणि मोकळे व्हा' असं कुणी सांगितलं तर ऐकू नका. त्यापायी आमच्या घरात फार डोकेदुखी झाली, म्हणून सविस्तर लिहितोय.

आमचं घर सोलापुरात, पूर्व भागात. आण्णा चादरींची जॅकार्ड (मागावर विणायच्या नक्षीची) डिझाइन्स करतात. त्यांचं सॉफ्टवेअर जुनं, त्याचं डोंगल (परवान्याची किल्ली) पॅरलल पोर्टला, म्हणजे जुन्या प्रिंटरच्या रुंद खाचेला लागतं आणि नव्या लॅपटॉपला तो पोर्टच नसतो. म्हणून खालच्या खोलीत एक्सपीचा पीसी अजून रोज चालतो. वरच्या मजल्यावर माझा विंडोज ११ चा लॅपटॉप. अक्कलकोट रोड एमआयडीसीतल्या कारखानदारांना डिझाइन्स मीच पाठवतो. आतापर्यंत पेनड्राइव्हवर भागत होतं, पण त्यात 'मोर नवीन', 'मोर नवीन २', 'मोर फायनल' अशा फायली साचायच्या आणि ताजी कुठली हे विचारायला पुन्हा जिना उतरावा लागायचा.

राउटरमधून केबल टाकली, दोन्हीला आयपी (नेटवर्कवरचे पत्ते) दिले, पिंग लागलं, म्हणजे एकाच्या हाकेला दुसऱ्यानं उत्तर दिलं. एक्सपीवरचं फोल्डर शेअर केलं आणि लॅपटॉपवरून उघडायला गेलो, तर संदेश आला: हे शेअर सुरक्षित नाही, त्याला एसएमबी १ लागतं.

दुरुस्तीवाल्याला बोलावलं. त्यानं 'विंडोज फीचर्स'मध्ये जाऊन एसएमबी १ वर टिक केली, वर लॅपटॉपचं फायरवॉलही (बाहेरून येणारं अडवणारी भिंत) बंद केलं, पैसे घेतले आणि गेला. फोल्डर उघडलं, सगळे खूश. फायरवॉल मी त्याच संध्याकाळी परत चालू केलं, तरी शेअरिंग चालूच राहिलं. म्हणजे ते बंद करायची गरजच नव्हती.

जानेवारीत सिद्धेश्वरांच्या गड्डा यात्रेच्या दिवसांत आण्णांचं काम बंद होतं. माझा लॅपटॉप चालू होता, पण खालच्या पीसीची गरज पडली नाही. काम सुरू झालं आणि फोल्डर उघडेना. तोच संदेश. दुरुस्तीवाला पुन्हा आला, दोन्ही पीसी रीस्टार्ट केले, केबल हलवून बघितली आणि म्हणाला, "आण्णा, राउटरच गेलंय बघा. नवीन घ्यावं लागतंय." अहो, राउटर गेलं असतं तर पिंगला उत्तर कुठून आलं असतं? त्याच्यासमोर पिंग करून दाखवलं, तरी त्याचं राउटरचंच पालुपद.

खरं कारण टिक केली होती त्याच यादीत लिहिलेलं आहे. एसएमबी १ च्या खाली 'ऑटोमॅटिक रिमूव्हल' नावाची आणखी एक टिक असते. १५ दिवस एसएमबी १ वापरलं गेलं नाही, तर विंडोज ते आपणहून काढून टाकतं. संगणक बंद असलेला वेळ त्यात धरत नाही. एसएमबी १ पुन्हा चालू करून ती टिक काढली असती तर तेव्हाच्या लॅपटॉपवर फोल्डर पुन्हा चाललंही असतं, पण मी ती वाट धरली नाही. मे २०१७ मध्ये वॉनाक्राय हा खंडणी मागणारा व्हायरस पसरला तो एसएमबी १ मधल्याच खिंडारातून, कुणी कशावर क्लिक न करता, एका मशीनवरून दुसऱ्यावर. त्याच वर्षीच्या विंडोज १० च्या आवृत्तीपासून मायक्रोसॉफ्टनं नव्या इन्स्टॉलेशनमधून एसएमबी १ काढायला सुरुवात केली. ज्या लॅपटॉपवर माझं बँकेचं काम चालतं, त्यावर ते दार मी का उघडं ठेवू?

उपाय माळ्यावर होता, बहिणीचा जुना विंडोज ७ चा पीसी. एक्सपीला फक्त एसएमबी १ कळतं, विंडोज ११ ला एसएमबी २ आणि त्यापुढचं, आणि विंडोज ७ ला एसएमबी १ आणि २ दोन्ही. आमच्या गल्लीत तेलुगू आजी आणि मराठी गिऱ्हाईक यांच्यामध्ये शेजारची मुलगी दुभाषी म्हणून उभी राहते, तसंच. शेअर केलेलं फोल्डर विंडोज ७ वर ठेवायचं. आण्णा खालून त्यात सेव्ह करतात, मी वरून उघडतो. लॅपटॉपवरचं एसएमबी १ काढून टाकलं.

इथे आणखी एक अडथळा आला. मधल्या काळात लॅपटॉपला विंडोज ११ चं २४एच२ हे मोठं अपडेट आलं होतं. प्रो आवृत्तीवर ते पासवर्डशिवायचा गेस्ट प्रवेश नाकारतं आणि 'तुमच्या संस्थेच्या सुरक्षा धोरणामुळे' असं कारण देतं. घरात कसली संस्था, म्हणून मी बराच वेळ भलतीकडेच शोधत राहिलो. सरळ विंडोज ७ वर वेगळं खातं काढा आणि त्याला पासवर्ड द्या. रिकामा पासवर्ड नेटवर्कवरून चालत नाही. लॅपटॉपवर विचारेल तेव्हा आधी विंडोज ७ च्या पीसीचं नाव, मग उलटी तिरपी रेघ (\), मग खात्याचं नाव टाका. लॅपटॉपचा पिन इथे उपयोगाचा नाही. तेच नाव आणि तोच पासवर्ड एक्सपीवरच्या खात्यालाही ठेवा, म्हणजे आण्णांना रोज विचारत नाही.

परवानगी दोन जागी द्यावी लागते, 'शेअरिंग'मध्ये आणि 'सिक्युरिटी'मध्ये. एकीकडेच दिली तर फोल्डर उघडतं, पण सेव्ह होत नाही.

हे आधीच सांगायला हवं होतं: 'नेटवर्क'मध्ये पीसी दिसतोय का याची वाट बघत बसू नका. रनमध्ये (विंडोज की आणि R दाबून उघडणारी चौकट) दोन उलट्या तिरप्या रेघा आणि आयपी टाका. त्यासाठी आयपी कायमचा ठरवून द्या. आमच्याकडे उन्हाळ्यात वीज गेली-आली की राउटर पत्ते बदलायचा.

एक्सपीला इंटरनेट मिळू देऊ नका. त्याचं सपोर्ट एप्रिल २०१४ लाच संपलंय. आयपी देताना 'डीफॉल्ट गेटवे' (बाहेर जायच्या वाटेचा पत्ता) रिकामं सोडलं की तो घरातल्या घरात बोलतो, बाहेर जात नाही. विंडोज ७ वर मात्र हीच युक्ती करू नका. गेटवे नसलं की तो नेटवर्कला 'अनआयडेंटिफाइड' म्हणतो, पब्लिक धरतो आणि शेअरिंग अडवतो. त्याचं इंटरनेट मी राउटरमधूनच बंद केलंय.