जाणत्यांसाठी लोणचं

पूर्वी थंड देशांत घरोघरी एक भांडं असायचं. पितळेचं, पसरट, झाकणाचं आणि त्याला लांबच्या लांब लाकडी दांडा. झोपायच्या आधी त्यात निखारे भरायचे आणि पांघरुणाखालून फिरवायचं, की गारठलेली गादी उबदार. आता ही भांडी कोणी जहाजात भरून वेस्ट इंडीजला विकायला पाठवली तर आपण त्याला काय म्हणणार? तिथे बाराही महिने घामाच्या धारा. पण टिमथी डेक्स्टर नावाच्या अमेरिकन गृहस्थाने पाठवली, आणि डझन दोन डझन नाही, त्याच्याच म्हणण्याप्रमाणे ४२,०००, आणि वर फायदा किती तर ७९ टक्के! कारण तिकडे उसाचे मळे, साखरेचे कारखाने, आणि तिथल्या लोकांनी म्हणे ही भांडी काकवी उपसायला ओगराळी म्हणून घेतली. गुऱ्हाळावर कढईच्या धगीपाशी जो कधी उभा राहिलाय त्याला हे लगेच पटेल, लांब दांड्याची किंमत तिथेच कळते.

मी ही गोष्ट कोणाला सांगितली की समोरचा म्हणतो, फेकू नको. त्यात चूक काही नाही, अभ्यासकही त्या ४२,००० वर विश्वास ठेवत नाहीत. तशीच दुसरी गोष्ट न्यूकासलची. न्यूकासल म्हणजे इंग्लंडमधलं कोळशाचंच गाव, तर शेजाऱ्यांनी मजा म्हणून याला सांगितलं की तिकडे कोळसा पाठव, चांगला जाईल, हा पठ्ठ्या खरंच जहाज भरून मोकळा, आणि नेमका तेव्हा खाणकामगारांचा संप चालू होता! मला ही जरा जास्तच गोड वाटते. म्हणजे शेजाऱ्यांनी फसवायचं आणि याने कमवायचं, हे एकदा झालं तर नशीब म्हणू, प्रत्येक वेळी कसं होईल? माझा आपला अंदाज असा की माणूस व्यवहाराला पक्का होता, पण शिकलेल्या लोकांना ते पचत नव्हतं, मग त्यांनी ठरवलं की हा मूर्ख आहे आणि याचं नशीब जोरावर आहे. ते पचवायला सोपं जातं.

मुळात हा १७४७ सालचा, मॅसॅच्युसेट्समधल्या माल्डन गावचा. शाळा जेमतेम, लहानपणी शेतावर राबला, मग चामडं कमवायचं काम शिकला, आणि न्यूबरीपोर्ट या बंदराच्या गावी येऊन एलिझाबेथ नावाच्या विधवेशी लग्न केलं, तिच्याकडे थोडा पैसा होता. त्या काळात अमेरिकेच्या स्वातंत्र्ययुद्धासाठी छापलेल्या नोटा इतक्या घसरल्या होत्या की कोणी त्यांना विचारेना. बडे लोक थोड्या थोड्या विकत घेत होते, लोकांचा धीर सुटू नये म्हणून. डेक्स्टरने ते बघितलं आणि होतं नव्हतं ते सगळं त्यातच घातलं. १७९० मध्ये सरकारने जुनी देणी फेडायचा कायदा केला, त्या नोटांना शंभराला एक असा भाव ठरला, हा भाव ऐकायला काहीच नाही पण याने त्या त्याहूनही मातीमोल घेतल्या होत्या. झाला श्रीमंत.

पैसा आला पण मान काही येईना, आणि मला विचाराल तर पुढची सगळी गंमत इथून सुरू होते. त्याला आधीपासूनच सरकारी हुद्द्याची भारी हौस. माल्डनच्या लोकांना त्याने एखादं पद द्या म्हणून इतकं पिडलं की शेवटी त्यांनी त्याला हरणांचा खबऱ्या नेमलं, म्हणजे हरणांवर लक्ष ठेवायचं. हरणं तिथली म्हणे केव्हाच संपली होती. हा खूश.

मग त्याने स्वतःला 'लॉर्ड' म्हणवून घ्यायला सुरुवात केली, अमेरिकेत, जिथे नुकतंच युद्ध करून राजाला हाकललं होतं. लॉर्ड म्हटल्यावर दरबारी कवी पाहिजे, तर तोही ठेवला, जोनाथन प्लमर नावाचा. तो मूळचा हातगाडीवर मासे विकणारा, त्याला चांदीचे तारे लावलेला काळा पोशाख शिवला आणि डोक्यावर पार्सलीचा मुकुट घातला असं सांगतात. कविता अर्थातच मालकावर.

घर घेतलं हाय स्ट्रीटवर, छपरावर मनोरे चढवले, वर सोनेरी गरुड बसवला, आणि अंगणात खांबांवर चाळीसेक लाकडी पुतळे उभे केले. जहाजांच्या नाकावरच्या मूर्ती कोरणाऱ्या विल्सन नावाच्या कारागिराकडून करून घेतलेले आणि रंगवलेले. वॉशिंग्टन, अॅडम्स, जेफरसन असे थोर थोर लोक, आणि त्यांच्या रांगेत अर्थात स्वतः! खाली लिहिलेलं, मी पूर्वेत पहिला, पश्चिमेत पहिला, आणि पाश्चिमात्य जगातला सर्वात थोर तत्त्वज्ञ. आपल्याकडे चौकातल्या फ्लेक्सवर महापुरुषांच्या गोल फोटोंखाली भावी नगरसेवक हात जोडून उभे असतात ना, अगदी तेच, फक्त दोनशे वर्षं आधी आणि लाकडात. गावातल्या घरंदाज मंडळींनी नाकं मुरडली, पण बघायला सगळे यायचे.

बायकोची गोष्ट मात्र मला हसून सांगता येत नाही. दोघांचं पटेना तेव्हा हा पाहुण्यांना सांगायला लागला की माझी बायको वारली, घरात फिरतंय ते तिचं भूत आहे. ती तिथेच वावरत असताना! पुढे त्याने स्वतःचं खोटं अंत्यसंस्कार ठेवलं, लोक आपल्यामागे कितपत रडतात ते बघायला. ३,००० माणसं आली असं सांगतात, दारू वाहिली, हा लपून सगळं बघत होता, आणि बायको पुरेशी रडली नाही म्हणून आत नेऊन तिला काठीने मारलं. लोकांना आरडाओरडा ऐकू आला म्हणून ते आत गेले तर मयत जिवंत. ही गोष्ट घरी जेवताना सांगितली तर सगळे मयत जिवंतवर हसले, आई तेवढी म्हणाली, ती का रडेल गं त्याच्यासाठी? मग तिला सांगितलं की एलिझाबेथ नवऱ्यानंतरही जगली, तेव्हा कुठे पुढची पोळी वाढली.

पण मी याच्या प्रेमात पडले ती पुस्तकामुळे. १८०२ मध्ये त्याने स्वतःचे विचार छापले, नाव 'जाणत्यांसाठी लोणचं', आणि प्रती चक्क फुकट वाटल्या. विषय म्हणजे राजकारणी, पाद्री, बायको, आपला धंदा, जे मनात आलं ते, स्पेलिंग त्याला जसं सुचेल तसं, कॅपिटल अक्षरं कुठेही, आणि अख्ख्या पुस्तकात एक पूर्णविराम नाही, स्वल्पविराम नाही, काही म्हणजे काही नाही. १८०२ म्हणजे आपल्याकडे होळकरांनी पुणं घेतलं ते साल, आणि पेशव्यांच्या दफ्तरातल्या कारकुनाला यात काही खटकलं नसतं, मोडीत तरी कुठे विरामचिन्हं होती, शब्दसुद्धा सुटे लिहायचे नाहीत, हात न उचलता ओळ पुरी करायची. आपल्याकडे विरामचिन्हं नीट रुजवली पुढे मेजर कँडी या इंग्रजाने. पण न्यूबरीपोर्टच्या जाणत्यांनी डेक्स्टरकडे तक्रार केली. तर याने पुढच्या आवृत्तीला एक पान जोडलं, त्यावर शब्द जेमतेम, बाकी ओळीच्या ओळी नुसते स्वल्पविराम, पूर्णविराम, उद्गारचिन्हं, आणि वर सूचना की जाणते तक्रार करतात, तर इथे भरपूर दिलेत, आपापल्या चवीने मीठमिरी घालून घ्या.

आता सांगा, हा मूर्ख? इतकं सणसणीत उत्तर मला आयुष्यात एकदा जमलं तरी मी कोणाला माझं तोंड बंद करू देणार नाही.

त्याने बागेत स्वतःसाठी थडगंही बांधून ठेवलं होतं, शवपेटीसह, महोगनीची. १८०६ मध्ये तो खरोखर गेला तेव्हा गावच्या आरोग्य मंडळाने घराच्या आवारात पुरायला परवानगी नाकारली, आणि लॉर्डसाहेबांना चारचौघांसारखं गावच्या जुन्या दफनभूमीत, साध्या दगडाखाली जावं लागलं. पुतळे पुढे काही वर्षं टिकले, १८१५ च्या सप्टेंबरातल्या वादळात त्यातले बहुतेक आडवे झाले. मृत्युपत्रात मात्र त्याने गावातल्या गरिबांसाठी पैसे ठेवले होते, ते गावाने घेतले, त्याला कोणी नाक मुरडलं नाही.