दिवाळीच्या सुट्टीतला पाटणचा मुक्काम

काठमांडूच्या द्वारिका हॉटेलची जन्मकथा नागपूरच्या महाल भागात वाढलेल्या माणसाला चुटपुट लावल्यावाचून राहत नाही. 1952 साली द्वारिकादास श्रेष्ठ यांना एक जुनी इमारत पाडली जाताना दिसली. सुतार तिच्या कोरीव खांबावर करवत चालवत होते. श्रेष्ठ यांनी त्यांना नवे लाकूड देऊन तो खांब सोडवून घेतला, पुढे अशाच दारे-खिडक्यांचा संग्रह वाढत गेला आणि 1977 साली त्यातून हॉटेल उभे राहिले. आमच्याकडे वाडे पडले तेव्हा सागवानी तुळया आणि चौकटी जुन्या लाकडाच्या भावाने गेल्या. त्याबद्दल कोणाला फारसे काही वाटल्याचे मला आठवत नाही.

द्वारिकाचे दर आम्हाला झेपणारे नसल्यामुळे आम्ही ते केवळ हिंडून पाहिले आणि मुक्कामासाठी काठमांडूला लागूनच असलेल्या पाटणमधील, पाहुण्यांकरिता दुरुस्त केलेले एक जुने नेवारी, म्हणजे काठमांडू खोऱ्यातल्या नेवार समाजाच्या पद्धतीचे, घर निवडले. अशा घरात दारे ठेंगणी असतात आणि जिने शिडीसारखे उभे, त्यामुळे गुडघे दुखणाऱ्यांनी खालचीच खोली मागून घ्यावी. विटा-मातीच्या जाड भिंतींमुळे आत रस्त्याचा आवाज फारसा पोहोचत नाही. खिडकीची जाळी मात्र तासन्‌तास पाहत राहावी अशी होती. खाचा पाडलेल्या लहान लहान पट्ट्या एकमेकींत अडकवून ती बसवलेली असते, तिला खिळा नाही की सरस नाही. आतून गल्लीतले सारे दिसते, गल्लीतून आतले काहीच दिसत नाही. सकाळी पूजेची ताटे घेऊन देवळाकडे निघालेल्या बायका त्या जाळीआडून पाहत चहा घेणे, एवढाच आमचा बहुतेक दिवसांचा कार्यक्रम होता.

स्वयंपाकघर आणि देवघर मात्र सर्वांत वरच्या मजल्यावर असते, आणि जुन्या रिवाजाप्रमाणे तिथे परक्याला प्रवेश नसतो. म्हणूनच यजमानीणबाईंनी पाडव्याच्या संध्याकाळी आम्हाला वर बोलावले, याचे अप्रूप वाटले. आपल्या पाडव्याच्याच दिवशी, म्हणजे कार्तिक शुद्ध प्रतिपदेला, नेवार समाजाचे नेपाळ संवत सुरू होते आणि त्या रात्री ‘म्हपूजा’ होते, म्हणजे प्रत्येकाने केलेली स्वतःच्या देहाची पूजा. घरातली माणसे ओळीने जमिनीवर बसतात, प्रत्येकापुढे एक मंडल रेखलेले असते, शिवाय यमदूतांसाठीही वेगळी मंडले असतात. कापसाच्या लांब वाती पेटवल्या जातात, नंतर अंडे, मासा आणि मद्य यांचा सगुन, म्हणजे शुभ प्रसाद, हाती दिला जातो. आमच्या सासूबाई कट्टर शाकाहारी. त्यांनी हात जोडून नम्रपणे नकार दिला, त्यावर कोणी आग्रह केला नाही. दुसऱ्या दिवशी, आपल्या भाऊबीजेला, तिथे भाइटीका असते. बहीण भावाच्या कपाळी सात रंगांचा टिळा लावते आणि त्याच्या गळ्यात मखमली नावाच्या फुलांची माळ घालते.

मोठ्या हॉटेलांत जेवणाबरोबर अर्ध्या तासाचे लोकनृत्य दाखवतात, ते मला फारसे रुचले नाही. त्यापेक्षा पाटणच्या दरबार चौकात अधिक पाहण्यासारखे आहे. 25 एप्रिल 2015 च्या 7.8 क्षमतेच्या भूकंपात तेथील चारनारायण आणि हरिशंकर ही मंदिरे कोसळली होती. ढिगाऱ्यातून वेचून काढलेले कोरीव खांब आणि टेकू वापरून ती पुन्हा उभारली गेली, कारण कोरीवकाम येणारे सुतार खोऱ्यात अजून आहेत. नवे लाकूड आणि जुने लाकूड शेजारी शेजारी ओळखू येते, आणि ते लपवण्याचा प्रयत्नही कोणी केलेला नाही. खोऱ्यातल्याच भक्तपूर शहराचे पाच मजली न्यातपोल मंदिर मात्र त्या भूकंपात टिकले. भूपतींद्र मल्ल राजाने ते 1702 साली बांधले, म्हणजे गोंड राजा बख्त बुलंद शाहने नागपूर वसवल्याचे जे वर्ष मानतात तेच.

विमानाने जाणाऱ्यांनी पासपोर्ट किंवा मतदार ओळखपत्र सोबत ठेवावे, पंधरा ते पासष्ट वयाच्या माणसांचे तिथे आधार कार्डावर भागत नाही. तिहारच्या, म्हणजे नेपाळी दिवाळीच्या, दिवसांत पाटणमधल्या लहान घरांतल्या खोल्या लवकर भरतात, तेव्हा आरक्षण गणपतीच्या सुमारासच करून टाकलेले बरे.